मान न टाकणारा स्टँड, फसवा दिवा: चित्रकलेच्या पहिल्या ऑनलाइन क्लासचं सामान

आधी निकाल सांगते, खटला नंतर. कागदावर वरून फोन धरायला टेबलाला आवळायचा उभा दांडा आणि त्यावर आडवी दांडी असा जो स्टँड मिळतो, तो घ्या, डोळे झाकून घ्या. कॉलर माइकही घ्या, पण त्यावरचं एक बटण बंद ठेवा. रिंग लाइट, म्हणजे तो गोल कड्याचा दिवा, मात्र चित्रकला शिकवायला नको म्हणजे नको. ब्रँडची नावं लिहीत नाही, कारण हाच माल ऑनलाइन पाच-पन्नास नावांनी विकला जातो आणि सोलापूरच्या नवी पेठेत गेलात तर आणखी सहाव्याच नावानं. खोक्यावरचा शिक्का तेवढा बदलतो, आतला नट तोच.

मी सोलापूरच्या पूर्व भागात घरीच चित्रकलेचे क्लास घेते. बहुतेक मुलं एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची. इंटरमीजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण वाढीव, बीला ५, सीला ३. त्यामुळे ज्या घरात रंगपेटी कधी उघडलेली नसते, तिथूनही शाळा सुरू झाली की फोन येतात. हल्ली हे फोन अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडून जास्त. "मॅडम, पोरगं एसटीनं एवढ्या लांब एकटं कसं पाठवू? ऑनलाइन काही आहे का?" तर ते 'काही' तयार करायला हे सगळं सामान घरात आलं. पहिला पाठ वस्तुचित्राचा: तांब्या, दोन वांगी आणि मागे एकरंगी कापड.

लाइव्ह घेतला नाही. झूम फुकट वापरलं तर ग्रुपची मीटिंग ४० मिनिटांनी तुटते, आणि वस्तुचित्रात ४० मिनिटांनी जेमतेम छायांकनाला हात लागतो. शिवाय मुलाला 'तेवढंच परत दाखवा' म्हणता येत नाही. म्हणून रेकॉर्ड करून द्यायचा, आणि शंकांसाठी रविवारी फोन.

स्टँड

बाजारात तीन जातीचे मिळतात. पहिला लवचिक मानेचा, हवा तसा वाकवायचा. हा मान टाकतो. फोन लावताना सरळ असतो, तुम्ही बाह्यरेषा संपवून वर बघता तर कागदाचा खालचा भाग फ्रेमच्या बाहेर. दुसरा स्प्रिंगच्या हाताचा, मुळात माइकसाठी केलेला. स्प्रिंग ज्या वजनासाठी बसवलेली असते त्यापेक्षा फोन हलका असला की हात वर उचलला जातो, जड असला की खाली येतो. जमलं तर जमलं. तिसरा म्हणजे मी घेतलेला: खाली क्लॅम्प, त्यावर उभा दांडा, त्याला काटकोनात आडवी दांडी, टोकाला फोनचा चिमटा. दिसायला अगदीच साधा, सलाइनच्या स्टँडचा धाकटा भाऊ. दीड हजाराच्या आत मिळाला. इतक्या महिन्यांत एकदाही खाली आलेला नाही.

घेताना दोन मापं बघा. इम्पिरिअल शीट २२ बाय ३० इंच, त्याचा पाव तुकडा ११ बाय १५. फोनचा व्हिडिओ १६:९ चा, म्हणजे रुंदी १६ भाग तर उंची ९. कागद आडवा ठेवून वरखाली अर्धा-अर्धा इंच मोकळा सोडला की १२ इंच उंची होते, म्हणजे रुंदी साधारण २१ इंच. कागद १५, उरले ६. हे सहा इंच फार कामाचे. उजव्या हाताला पॅलेट आणि पाण्याचं भांडं तिथेच बसतं, रंग कसा कालवला हे मुलांना आपोआप दिसतं, वेगळा कॅमेरा लागत नाही. एवढं दिसायला फोन टेबलापासून निदान दीड फूट वर हवा. बरेच स्टँड फूटभरच उंच असतात, मग विकणारा सांगतो, "वाइड लेन्स लावा की." लावू नका. वाइडमध्ये कागदाच्या कडा पोटातून फुगतात. वस्तुचित्रात खपून जाईल, पण भूमितीच्या पेपरला पट्टीनं मारलेली रेघ वाकडी दिसली तर मुलांनी काय समजायचं?

भूमितीवरून आठवलं. फोन कागदाला अगदी समांतर हवा, जरा कलला की वर्तुळाचा लंबगोल होतो. काही फोनांत कॅमेऱ्याचं ग्रिड चालू केलं की कॅमेरा सरळ खाली रोखल्यावर दोन अधिक-चिन्हं दिसतात, ती एकावर एक बसवायची. नसतील तर गवंड्याची छोटी लेव्हल फोनच्या स्क्रीनवर ठेवा, तेही चालतं.

दुसरं माप क्लॅम्पचं. माझ्या क्लॅम्पचा जबडा दोन इंचांच्या आसपास उघडतो. जुन्या लाकडी टेबलांना फळीच्या खाली चार बोटं पट्टी असते, तिथे तो बसत नाही. प्लास्टिकच्या टेबलाला लावायच्या भानगडीत पडू नका, कड वाकते.

आता या स्टँडमधला खरा दोष. तुम्ही रेघ मारता तोवर सगळं छान. खोडरबर हातात घेतला की टेबल हलतं, टेबल हललं की दांडा हलतो, आणि दीड फूट वरच्या टोकाला ते हलणं चौपट होऊन पोचतं. व्हिडिओत भूकंप. आडव्या दांडीला आधार जोडून मिळेल का, म्हणून ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे घेऊन गेले. त्याने स्टँड हातातही घेतला नाही. "मॅडम, स्टँड नाही हलायला, टेबल हलायलंय. दुसऱ्या टेबलाला लावा की." पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. आता क्लॅम्प शेजारच्या शिलाई मशीनच्या जड टेबलाला असतो, आडवी दांडी तिथून माझ्या टेबलावर येते, आणि दोन टेबलांत एक बोट फट ठेवते. खोडा, घासा, रंग झटका, फोन ढिम्म. बाकी कुठल्याही परीक्षणात हे वाचायला मिळालं नव्हतं. तिथे सगळे स्टँड रिकाम्या टेबलावर उभे करून फोटो काढतात.

फोन कॅमेरा खाली करून ठेवला की त्याला वर-खाली कळत नाही, आणि कधी व्हिडिओ उभा तर कधी उलटा रेकॉर्ड होतो. आधी फोन सरळ आडवा धरून रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि मगच चिमट्यात बसवायचा, म्हणजे दिशा तीच राहते. सुरुवातीची खुडबुड नंतर कापून टाकता येते.

तांब्याचं तोंड

हे सामानाचं परीक्षण नव्हे, पण वस्तुचित्र शिकवणाऱ्या प्रत्येकाला इथेच ठेच लागणार आहे, म्हणून लिहिते. कागद वरच्या फोनने दाखवला, तांब्या दाखवायला भाच्याचा फोन बाजूच्या स्टुलावर ठेवला. नमुना म्हणून क्लासच्या एका मुलीला दाखवला. ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या चित्रात तांब्याचं तोंड एवढं उघडं का? तिकडे तर बारीक पट्टीसारखं दिसतंय." पोरगी बरोबर होती. स्टुलावरचा फोन तांब्याच्या तोंडाच्या जवळपास पातळीत होता, माझे डोळे हातभर वर. डोळा जितका वर तितका तोंडाचा लंबगोल रुंद, हे तर आम्ही पहिल्याच तासाला शिकवतो. म्हणजे दोन कॅमेरे दोन वेगळे तांबे दाखवत होते, आणि मी तिसऱ्याच ठिकाणी बसून चित्र काढत होते.

आता फोन माझ्या डोळ्याला लावून, माझ्याच खुर्चीतून तांब्याचा एक फोटो काढते आणि तो व्हिडिओच्या कोपऱ्यात पूर्ण वेळ ठेवते. दुसरा कॅमेरा लागतच नाही. मागचं कापडही तेव्हाच बघून घ्या. बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा कपडा व्हिडिओत नाचतो. माझे वडील चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे, एकेक चौकोन रंगवून जेकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइन करायचे, त्यामुळे घरात नक्षीदार चादरींना तोटा नाही. तरी पाठीमागे साधं करड्या रंगाचं कापड लावलं. परीक्षेला बसणाऱ्या मुलाचा जीव तांब्यात गुंतायला हवा, चादरीच्या मोरात नको.

दिवा

रिंग लाइट भाच्याने वाढदिवसाला दिला. तो रील करतो, त्याच्या चेहऱ्याला तो शोभतो. चित्रकलेला तो का चालत नाही ते ऐका. एक तर तो कॅमेऱ्याच्या भोवतीनेच उजेड टाकतो. वस्तुचित्राचा सगळा प्राण छायाप्रकाशात: उजळ भाग, मधली छटा, गडद छाया, पडछाया. रिंग लाइट लावला की तांब्याची छाया त्याच्याच पाठीमागे लपते आणि तांब्या कागदातून कापून चिकटवल्यासारखा चपटा दिसतो. आता सांगा, मुलांना शेडिंग कुठे करायला सांगू? दुसरं म्हणजे पेन्सिलीचं गडद काम चकाकतं आणि ओल्या रंगावर दिव्याचं गोल कडं उमटतं. वांग्यावर ते कडं पाहून आमच्या आईने विचारलं, वांग्याला डोळा कशाला काढलास?

मग नवी पेठेतल्या एका दुकानातून चौकोनी एलईडी पॅनेल आणलं. ते वाईट निघालं, आणि दोन्ही कारणं शिकण्यासारखी आहेत.

पहिलं, व्हिडिओत आडवे काळसर पट्टे सरकायला लागले. डोळ्यांना काहीच दिसत नाही, फोनला दिसतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फोनचा शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, सेकंदाच्या १/६० वर असेल तर त्याचा मेळ बसत नाही आणि पट्टे येतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सगळं आपण हातानं ठरवतो) शटर १/५० किंवा १/१०० केला की जातात. काही फोनांत फ्लिकरसाठी वेगळी सेटिंग असते, तिथे ५० निवडायचं. त्यामुळे पट्ट्यांचा उपाय निघाला.

दुसऱ्या कारणाला उपाय निघाला नाही. शेंदरी रंग विटकरी दिसायचा आणि क्रिमसन, म्हणजे गडद लाल, मेलेला. खोक्यावर किती वॉट, किती रंगांचे मोड हे सगळं ठळक छापलेलं, पण सीआरआयचा आकडा कुठेच नाही. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, १०० पैकी. रंगकामाला ९५ च्या वरचा दिवा बघावा. कमी दर्जाच्या एलईडीत सगळ्यात आधी मार खातो तो लाल. दुकानदाराला दाखवलं तर म्हणाला, "लाइट तर लागतोय ना, ताई?" लागतोय, खरंय. पॅनेल परत घेतलं नाही. सध्या ते जिन्यात आहे.

तुम्ही दुकानात जाल तेव्हा रंगवलेली पट्टी घेऊन जा. कागदाच्या पट्टीवर पोस्टर कलरचे बारा रंग ओळीनं लावायचे, शेंदरी, क्रिमसन आणि जांभळा त्यात हवेतच. दिव्याखाली तिचा व्हिडिओ काढायचा, मग दुकानाच्या दारात उजेडात येऊन काढायचा, आणि शेजारी-शेजारी बघायचं. विकणारा हसतो, हसू द्या.

शेवटी माझा पहिला क्लास शूट झाला खिडकीच्या उजेडात. खिडकी डाव्या हाताला, म्हणजे उजव्या हाताची सावली काढलेल्या रेघेवर पडत नाही. (डावरे असाल तर उलटं.) खिडकीवर बटर पेपर लावला की उजेड मऊ होतो, आणि उजव्या बाजूला पांढरा माउंट बोर्ड उभा केला की छाया काळीठिक्कर पडत नाही. बटर पेपरला स्टेशनरीच्या दुकानात किती पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. सीआरआय सूर्याचा.

एक मात्र करा. रेकॉर्डिंगआधी स्क्रीनवर कागदावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. नाहीतर हात फ्रेममध्ये आला की कागद उजळतो, हात बाहेर गेला की काळवंडतो. पांढरा कागद फोनला जास्तच झगझगीत वाटतो, म्हणून तो सगळंच करडं करून टाकतो. लॉक केल्यावर उजेडाचा काटा थोडा वर सरकवायचा. व्हाइट बॅलन्सही (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून फोन रंग बदलतो ते) प्रो मोडमध्ये एका आकड्यावर बांधून टाका, म्हणजे पिवळं वांगं, निळं वांगं असले चमत्कार होत नाहीत.

माइक

आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. आम्हाला तो आवाज ऐकू येत नाही, जन्मापासूनचा आहे. पाहुणे आले की त्यांना येतो. फोनच्या माइकला सगळ्यात जास्त येतो. म्हणून कॉलर माइक घेतला, बिनवायरचा, रिसीव्हर फोनच्या टाइप-सी भोकात बसणारा. बोलणं एकदम स्वच्छ, पैसे वसूल.

पण त्यावर आवाज गाळायचं बटण आहे, हिरवा दिवा लागतो. ते दाबलं की माग गायब होतात, आणि त्याबरोबर पेन्सिलही गायब. चार बीची करकर आणि एचबीची खरखर यांत फरक असतो, आणि हात किती दाबून चाललाय हे मुलं त्या आवाजावरून ओळखतात. यंत्राला माग आणि पेन्सिल दोन्ही कचराच वाटतात. शिवाय गाळलेल्या आवाजात माझं बोलणं पिंपातून आल्यासारखं होतं. तेव्हा बटण बंद ठेवा आणि वेळ बदला. मी पहाटे, माग सुरू व्हायच्या आत शूट करते. फक्त नळाला पाणी यायचा दिवस टाळायचा. त्या दिवशी सगळ्या गल्लीच्या मोटारी पहाटेच उठतात.

पहाट आणखी एका कारणाने बरी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, आणि शूटिंगला पंखा बंद ठेवावा लागतो, कारण कागद फडफडतो आणि माइकमध्ये वारा घुसतो. दुपारी पॅलेटमधला पोस्टर कलर कालवेपर्यंत सुकतो, फोन तापून आपोआप रेकॉर्डिंग बंद करतो. कव्हर काढून ठेवलं तर थोडा जास्त टिकतो.

बाकीचं

फोनची जागा आधी रिकामी करा. १०८० पी, ३० फ्रेमला माझ्या फोनवर मिनिटाला १२५ एमबीच्या आसपास जातात, म्हणजे तासाला सात-साडेसात जीबी. फोर-के मुलांच्या फोनवर दिसायचं नाही, नको. पाठ व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून टाकतं आणि पेन्सिलीच्या हलक्या रेघा पुसल्या जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंत जातं. किंवा यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा. तिथे १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायला खातं फोन नंबरने पडताळून घ्यावं लागतं, दोन मिनिटांचं काम आहे.

कापाकापी फोनमधल्याच एडिटरवर केली. बाह्यरेषेचं मोजमाप आणि शेडिंग अजिबात पळवलं नाही. पार्श्वभूमीचा रंग भरतानाचं चौपट वेगानं पळवलं, तिथे बघण्यासारखं काही नसतं.

हे सगळं करण्याआधी तासावर मिळणारा एक स्टुडिओ बघून आले होते. माणसं चांगली, एसी चांगला, दिवे तर माझ्या पॅनेलच्या शंभरपट चांगले. पण वरून शूट करायची सोयच नाही. "आपल्याकडे सगळं समोरून असतंय, मॅडम," म्हणाले, आणि मागे बर्फाच्या डोंगराचा पडदा सोडून दाखवला. लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडप्यांनी जरूर जावं.

बार्शीच्या एका कलाशिक्षिका बाईंना हीच यादी फोनवर सांगितली. त्यांच्याकडे डाव्या हाताला उत्तरेची खिडकी आहे आणि गल्लीत माग नाहीत, त्यांना फक्त स्टँड घ्यायला सांगितला. चिमट्याचं रबर मात्र आल्या आल्या तपासा म्हटलं. माझ्याकडच्या एका बाजूचं निघून आलं होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवलाय, तो मूळच्यापेक्षा घट्ट धरतो.